जॉब झीरो आणि वेबसाइटचा पत्ता

भोसरीतली शेड अपुरी पडली की कारखाना चाकणला हलतो. लेथ, प्रेस, गेजेसची कपाटं ट्रकवर चढतात आणि त्याच आठवड्यात कोणीतरी ऑफिसच्या कॉम्प्युटरवरचं वेबसाइटचं फोल्डर पेनड्राइव्हवर घेतं. नव्या जागी ते उघडलं की मजकूर दिसतो, पण जॉबच्या फोटोंच्या जागी रिकाम्या चौकटी असतात. मग ठरलेलं निदान ऐकू येतं : ‘लिंकमध्ये पत्ता अर्धवट दिला असणार. पूर्ण पत्ता टाकला असता तर तुटली नसती.’

वेबसाइटची कामं करताना मी हे वाक्य मालकांकडून ऐकलं आहे आणि वेबसाइट बनवणाऱ्यांकडूनही. ते चुकीचं आहे, आणि त्यापायी चांगल्या साइट्स दर स्थलांतरात मोडतात, म्हणून ते मुळापासून तपासायला हवं.

आधी पूर्वपक्ष, त्याच्या पूर्ण ताकदीनिशी. पत्र पूर्ण पत्त्यावर पोहोचतं. पाकिटावर ‘शेजारचा गाळा’ लिहून पोहोचत नाही. पूर्ण पत्त्याचा अर्थ कुठूनही वाचला तरी एकच असतो, सापेक्ष पत्त्याचा अर्थ वाचणारं पान कुठे आहे त्यावर ठरतो. ईमेलमध्ये पाठवलेल्या लिंकला तर पूर्ण पत्त्यावाचून गत्यंतरच नाही. यातलं प्रत्येक विधान खरं आहे. पण ही सगळी विधानं बाहेरून येणाऱ्या माणसाबद्दलची आहेत. आपला प्रश्न घरातल्या घरातला आहे : कॅटलॉगच्या पानाने त्याच फोल्डरमधला फोटो कसा शोधायचा?

त्या रिकाम्या चौकटीमागचा पत्ता उघडून पाहिला तर तो बहुतेक वेळा असा निघतो : ‘फाइल:///डी:/वेबसाइट/चित्रे/गिअर.जेपीजी’. यात अर्धवट काहीच नाही. ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलच्या नावापर्यंत सगळं आहे, आणि लिंक तुटली ती नेमकी त्यामुळेच. नव्या मशिनवर डी ड्राइव्ह नव्हता. पत्त्यात जितके तुकडे जास्त, तितक्या बदलू शकणाऱ्या गोष्टी जास्त. पुणे-नाशिक रस्ता पूर्वी राष्ट्रीय महामार्ग 50 होता, 2010 च्या फेरक्रमांकनात तो 60 झाला. जुना क्रमांक छापलेली लेटरहेड एका अधिसूचनेने चुकीची ठरली. ‘नाशिक फाट्यावरून भोसरीच्या दिशेने’ हे मात्र तेव्हाही बरोबर होतं, आजही आहे.

या पट्ट्यातल्या सीएनसी ऑपरेटरला हा वाद समजावून सांगावा लागत नाही, तो रोज हेच करतो. मशिनचा स्वतःचा एक झीरो असतो आणि जॉबचा वेगळा. मशिन झीरोपासून मोजायचं तर जी 53 लिहावं लागतं. तसा संपूर्ण प्रोग्राम कोणी लिहीत नाही. फिक्स्चर टेबलावर चार इंच सरकलं तर प्रत्येक ओळ बदलावी लागेल. म्हणून सेटर जॉबच्या कोपऱ्यावर झीरो धरतो, जी 54 मध्ये ऑफसेट भरतो आणि भोकांची मापं तिथून देतो. उद्या तोच प्रोग्राम दुसऱ्या मशिनवर चढवला तरी फक्त ऑफसेट नव्याने घ्यायचा, मापांना हात लावायचा नाही. जी 53 टूल चेंजसारख्या कामाला राखून ठेवतात, कारण ती जागा मशिनची असते, जॉबची नसते.

वेबसाइटला हेच लागू पडतं. दुसऱ्याच्या साइटवर नेणारी लिंक पूर्ण पत्त्याची हवी, कारण ती जागा आपल्या जॉबवर नाही. आतल्या लिंका ‘चित्रे/गिअर.जेपीजी’ अशा, म्हणजे ‘मी जिथे आहे तिथून’ मोजलेल्या हव्यात. एक पायरी वर जायचं तर दोन टिंबं आणि स्लॅश : ‘../चित्रे/गिअर.जेपीजी’. ही पळवाट नव्हे. रॉय फील्डिंग यांनी जून 1995 मध्ये सापेक्ष पत्त्यांचे नियम आरएफसी 1808 मध्ये मांडले, तेव्हा कारणही दिलं : फाइलींचा संपूर्ण वृक्ष उचलून दुसरीकडे नेता यावा आणि आतला एकही पत्ता बदलावा लागू नये.

यावर आक्षेप येतो की सापेक्ष लिंकाही तुटतात. तुटतात. इन्क्रिमेंटल मापांत, जी 91 मध्ये, मधली एक ओळ गाळली की पुढची सगळी भोकं सरकतात. तसंच एकच पान उचलून दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकलं की त्याच्या लिंका चुकतात. यातून निघतं ते इतकंच की जॉब अख्खा उचलावा, फोटो, पीडीएफ, सगळ्यासकट. स्लॅशने सुरू होणारा पत्ता, ‘/चित्रे/गिअर.जेपीजी’, पुष्कळांना मधला मार्ग वाटतो. तो साइटच्या मुळापासून मोजतो, आणि पान साइटच्या आत कुठेही हलवलं तरी चालतो. पण फाइल डिस्कवरून डबल-क्लिक करून उघडली तर ‘मूळ’ म्हणजे ड्राइव्हचं मूळ होतं. साइट सर्व्हरवर उपफोल्डरमध्ये ठेवली तरी तो चुकतो. फोल्डर हलणार हे माहीत असेल तर मी तो वापरत नाही.

काही वेळा दोष पत्त्याच्या पद्धतीत नसतोच, नावात असतो. विंडोजला कॅपिटल आणि लहान अक्षरांत फरक वाटत नाही, लिनक्सच्या सर्व्हरला वाटतो. आपल्या लिपीतली एक अडचण तर मी स्वतः तासभर शोधली आहे. ‘चऱ्होली’ नावाच्या फाइलची लिंक तुटली होती. पडद्यावर दोन्ही नावं अक्षरशः सारखी दिसत होती. एकात ‘ऱ’ हे युनिकोडमधलं 0931 क्रमांकाचं अक्षर आणि पुढे हलंत होता. दुसऱ्यात साधा ‘र’, हलंत आणि त्यामागे न दिसणारा जोडक, क्रमांक 200डी. डोळ्याला एकच चऱ्होली, सर्व्हरला दोन वेगळी गावं. फाइलींची नावं तेव्हापासून मी साध्या लहान रोमन अक्षरांत ठेवतो. मराठी पानावर मराठी मजकूर हवाच, पण नावात तो जपायला सगळ्यांचे कीबोर्ड एकसारखे असावे लागतात आणि ते नसतात.

पूर्ण पत्त्याचा सगळ्यात मोठा धोका मात्र लिंक तुटण्याचा नाही. कॉपी केल्यावर जुनं फोल्डर जागेवरच असतं. त्याच मशिनवर नवी प्रत उघडली की पूर्ण पत्ते निमूटपणे जुन्या फाइलींकडे जातात आणि सगळं व्यवस्थित दिसतं. नव्या प्रतीत तुम्ही दरपत्रक बदलता, लिंकवर क्लिक केलं की जुने दर उघडतात. इथे तुटलेली चौकट सावध करायलाही येत नाही. ऑनलाइनही हेच होतं : जुनं होस्टिंग चालू असेपर्यंत नवी साइट तिथलेच फोटो ओढत राहते आणि ज्या दिवशी ते बंद होतं त्या दिवशी सगळं एकदम जातं.

म्हणून कॉपी झाली की मी पहिल्यांदा जुन्या फोल्डरच्या नावापुढे ‘बंद’ असं लिहितो. मग नवी प्रत उघडून मुखपृष्ठापासून एकेक लिंक दाबतो. जिथे चौकट रिकामी येते, तिथे पूर्ण पत्ता लपलेला सापडतो.