मालक बदलला आणि पेटी बाहेर गेली

१ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओच्या स्टुडिओत पेटी, म्हणजे हार्मोनियम, बंद झाली. गाणाऱ्याच्या साथीला नाही आणि एकल वादनालाही नाही. मुंबई केंद्र या नियमात आले. कोल्हापूरला तेव्हा स्वतःचे केंद्र नव्हते, सांगलीलाही नव्हते. म्हणजे ज्या कोल्हापूरने गोविंदराव टेंब्यांसारखा पेटीवादक दिला, त्या गावाला रेडिओवर पेटी ऐकू येण्याची वाटच बुजली.

या बंदीची हकिकत बहुधा दोन-तीन व्यक्तींच्या आवडीनिवडीवर येऊन थांबते. कुणी इंग्रज अधिकाऱ्यांना दोष देतो, कुणी रवींद्रनाथांच्या पत्राकडे बोट दाखवतो. पण उरलेले कागद तारखेच्या क्रमाने लावले, तर त्याआधीचा एक धागा हाती लागतो. हा धागा रेडिओच्या मालकीचा आहे.

मुंबईचे केंद्र मुळात सरकारी नव्हते. ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी या खासगी कंपनीचे होते. तिचा सरकारशी करार १३ सप्टेंबर १९२६ रोजी झाला आणि २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबई केंद्र सुरू झाले. अधिकृत भांडवल पंधरा लाखांचे, प्रत्यक्ष जमा झाले सहा लाख. त्यातला मोठा भाग मुंबई आणि कलकत्त्याची दोन केंद्रे उभारण्यातच संपला. प्रक्षेपक दीड किलोवॅटचा. श्रोत्याने वर्षाला दहा रुपये भरून परवाना काढायचा आणि त्यातले ऐंशी टक्के कंपनीला मिळायचे, असा हिशेब होता. १९२७ च्या अखेरीस परवाने होते ३,५९४ आणि १९२९ च्या अखेरीस ७,७७५. एवढ्यावर दोन केंद्रे चालणे शक्य नव्हते. १ मार्च १९३० रोजी कंपनीचे दिवाळे निघाले.

या कंपनीचे फार गुणगान करण्याचे कारण नाही. बातम्या कोणाकडून घ्यायच्या आणि काय बोलायचे, यावर करारातच सरकारची पकड होती. पण एक गोष्ट तिच्या रचनेत होती. श्रोत्याने परवाना काढला नाही तर तिची चूल पेटत नव्हती. त्यामुळे लोकांना जे ऐकायचे आहे ते वाजवणे तिला भागच होते.

१ एप्रिल १९३० पासून केंद्रे सरकारकडे आली. नाव झाले इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस, खाते उद्योग व कामगार. नव्या मालकाला या मालमत्तेचे प्रेम होते असे कागदांवरून दिसत नाही. मंदीच्या काटकसरीत ऑक्टोबर १९३१ मध्ये सेवाच बंद करण्याचा हुकूम निघाला. त्यावर ओरड झाली, विशेषतः ज्यांचे पैसे रेडिओच्या व्यापारात अडकले होते त्यांची, आणि २३ नोव्हेंबरला तो हुकूम मागे घेतला गेला. ५ मे १९३२ रोजी सरकारने सेवा कायम चालवण्याचे ठरवले. रेडिओ-यंत्रावरची आयात जकात पंचवीस टक्क्यांवरून पन्नास टक्क्यांवर नेऊन खर्चाची तोंडमिळवणी केली.

ऑगस्ट १९३५ मध्ये बीबीसीचे लायोनेल फिल्डन नियंत्रक म्हणून आले आणि ८ जून १९३६ रोजी ऑल इंडिया रेडिओ हे नाव पडले. इथून सूत्रे दिल्लीत एकवटली. याचा फायदा झाला हे मान्य केले पाहिजे. नवी केंद्रे उभी राहिली, प्रक्षेपकांची ताकद वाढली, भाषणे आणि बातम्यांना शिस्त आली. सरकारने हात दिला नसता तर मुंबईचा रेडिओ १९३० मध्येच संपला असता. पण दिल्लीत घेतलेला निर्णय आता एका फटक्यात सगळ्या केंद्रांवर लागू होऊ लागला आणि गायक-वादकाला दुसऱ्या दारी जाण्याची सोय राहिली नाही.

पेटीच्या बाबतीत पहिला ठळक कागद १९३८ चा आहे. दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख असलेले जॉन फोल्ड्स यांनी रेडिओच्या ‘इंडियन लिसनर’ या पत्रिकेत हार्मोनियमविरुद्ध लेख लिहिला. फोल्ड्स स्वतः संगीतकार होते आणि भारतीय वाद्यांचा वृंद बसवण्याच्या खटपटीत होते. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये कलकत्त्यात त्यांचे निधन झाले. रवींद्रनाथांचे पत्र त्यानंतरचे आहे, १९ जानेवारी १९४० चे. ते कलकत्ता केंद्राचे अशोककुमार सेन यांना लिहिलेले आहे. आपल्या आश्रमातून पेटी आपण घालवली आहेच, तुमच्या स्टुडिओतूनही ती गेली तर संगीतावर उपकार होतील, असा त्याचा आशय. सहा आठवड्यांत देशभर बंदी आली. पत्राचे वजन पडले असणार यात शंका नाही. पण ते एका केंद्राबद्दल होते आणि विचार दोन वर्षे आधीच रेडिओच्या घरच्या पत्रिकेत छापून आला होता. त्यामुळे बंदीचे मूळ त्या पत्रात शोधणे तारखांना धरून नाही. पत्राने तयार असलेल्या मनाला मोठ्या नावाचा आधार दिला.

आक्षेप खोटा होता का? मुळीच नाही. पेटीचा भाता हलवला की हवा सुरांच्या पितळी पट्ट्यांतून जाते आणि प्रत्येक पट्टी आपला ठरलेला स्वर देते. एका स्वरावरून दुसऱ्यावर बोट उचलूनच जावे लागते. दरबारीचा आंदोलित गंधार किंवा लांब मींड त्या पट्ट्यांत बसत नाही. शिवाय स्वर समान अंतरांवर लावलेले, म्हणजे तंबोऱ्याशी तंतोतंत न जुळणारे. ही अडचण प्रत्येक पेटीवाल्याला ठाऊक होती.

आणि ती आमच्याच भागात सर्वांत गांभीर्याने हाताळली गेली होती. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवरचे आपले पुस्तक १९१० मध्ये पुण्यात छापले. त्यांच्या मोजमापाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याचे साहाय्य होते. आय.सी.एस. अधिकारी ई. क्लेमंट्स यांनी देवलांच्या सिद्धांतावर श्रुती-हार्मोनियम तयार करवून घेतला. १९१६ च्या बडोदे संगीत परिषदेत त्यावर जोराचा वाद झाला आणि विरोधी बाजूला पंडित भातखंडे होते. वाद्य फारसे रुजले नाही, पण वाद उघड्यावर झाला. गाऊन दाखवले गेले, वाजवून दाखवले गेले, ऐकणाऱ्यांनी मत बनवले. रेडिओत पेटीचा प्रश्न चोवीस वर्षांनी आला तेव्हा तो हुकमाने निकाली निघाला.

गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांची कारकीर्द या कागदांशेजारी ठेवून पाहावी. ‘मानापमान’ या नाटकाच्या चाली १९११ मध्ये त्यांनी दिल्या. भास्करबुवा बखले यांच्या साथीला त्यांची पेटी असे. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी होते, त्यामुळे त्यांची गायकी टेंब्यांना घरच्या अंगणात ऐकायला मिळाली. १९३२ मध्ये प्रभातचा पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ कोल्हापुरात तयार झाला, त्यात हरिश्चंद्र टेंबेच आणि संगीतही त्यांचेच. पेटीला साथीच्या मागच्या ओळीतून उचलून स्वतंत्र मैफिलीचे वाद्य करणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. जे पट्ट्यांत बसत नाही ते बोटांच्या चलाखीने आणि भात्याच्या दाबाने सुचवायचे, ही कला त्यांनी वाढवली. ‘माझा संगीत व्यासंग’ हे त्यांचे पुस्तक १९३९ मध्ये आले. पुढच्या वर्षी रेडिओने त्यांच्या वाद्याला दार बंद केले.

टेंब्यांच्या पिढीचा पेटीवादक नाटक, मैफल आणि ध्वनिमुद्रिका यांवर जगू शकत होता. त्याच्यामागच्या पिढीला ते कठीण गेले. स्वातंत्र्यानंतर रेडिओ हा गवयांचा सर्वांत मोठा आश्रयदाता झाला आणि त्या आश्रयातून पेटीवाले वगळले गेले. साथीचे काम सारंगी आणि व्हायोलिनकडे गेले. सारंगियांना त्याने हात मिळाला, आणि ते वाद्य तगायला मदत झाली हेही नोंदवले पाहिजे. पण घराघरांत, कीर्तनात, भजनी मंडळात, कोल्हापूरच्या देवल क्लबाच्या बैठकीत पेटी चालूच होती. बंदी होती ती फक्त सर्वांत दूरवर पोहोचणाऱ्या दालनात.

मालक १९४७ मध्ये पुन्हा बदलला. नियम मात्र बदलला नाही, कारण नव्या राज्यकर्त्यांनाही पेटी परकी वाटत होती. १९५५ मध्ये आकाशवाणीत दाखल झालेले पु. ल. देशपांडे उत्तम पेटी वाजवत, पण त्यांच्या नोकरीच्या जागी शास्त्रीय गायनाला ती चालत नव्हती. १९७० मध्ये आकाशवाणीनेच परिसंवाद घेतला आणि १९७१ मध्ये काही अटींवर साथीची पेटी परत आली. एकल वादनावरचा निर्बंध त्यानंतरही राहिला.

माझा निष्कर्ष असा : पेटीवरचा आक्षेप संगीताचा होता, बंदी मात्र मालकीची होती. दोन केंद्रांची गरीब कंपनी असा हुकूम काढूच शकली नसती. एकच मालक आणि एकच स्टुडिओ-नियम असल्याशिवाय एक मत एकतीस वर्षे टिकत नाही. देवलांच्या सांगलीत आकाशवाणी केंद्र ६ ऑक्टोबर १९६३ रोजी सुरू झाले तेव्हाही हा नियम लागू होता, आणि तो शिथिल होण्याच्या सोळा वर्षे आधीच टेंबे गेले होते.