नाव की आकडा? माणगावचा यशवंत घाडगे आणि कोकणातले शिपाई

आजचा एपिसोड एका बावीस वर्षांच्या पोराबद्दल आहे. त्याच्यासोबत आपण आपल्याच गावांतल्या अशा अनेकांबद्दल बोलणार आहोत, ज्यांचं नाव कुणी घेत नाही.

आपण रत्नागिरीकर मुंबईला जाताना-येताना माणगाव लागतंच. ट्रॅफिकला शिव्या देतो, वडापाव खातो आणि पुढे निघतो. त्याच माणगावात एका सैनिकाचा पुतळा आहे. नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस. ब्रिटिश राजवटीत लढाईतल्या शौर्यासाठी याहून मोठं पदक नव्हतं.

यशवंत माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा. जन्म १९२१ चा. तेव्हा त्या जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं, आताचा रायगड.

आता पहिला प्रश्न. कोकणातली पोरं फौजेत का जात होती? शौर्याची परंपरा वगैरे आहेच. पण पोटाचंही बघा ना. डोंगरउताराची जमीन, पावसावरचा भात, वरकस जमिनीत नाचणी-वरी, त्यात खोताचा वाटा. घरात चार भाऊ असले तर सगळ्यांचं भागणार कसं? मग एक मुंबईच्या गिरणीत, एक बोटीवर आणि एक पलटणीत. घर चालायचं मनीऑर्डरवर. आपल्या दापोलीला जुनी माणसं अजून ‘कॅम्प’ म्हणतात, ते इंग्रजांच्या छावणीमुळेच. पेन्शनीत निघालेले कितीतरी सुभेदार-हवालदार तिथे स्थायिक झाले. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ, मूळचे मंडणगडजवळच्या आंबडव्याचे, तेही निवृत्तीनंतर काही काळ दापोलीत राहिले होते.

तर यशवंत होता पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये. साल १९४४. जूनच्या सुरुवातीला दोस्तांच्या फौजा रोममध्ये शिरल्या आणि जर्मन सैन्य उत्तरेकडे मागे सरकायला लागलं. सरकताना प्रत्येक टेकडी लढवत होतं. रोममधून वाहते ती टायबर नदी. तिच्या वरच्या खोऱ्यात आपली पलटण चढत होती. एकूण सुमारे ५० हजार भारतीय सैनिक त्या वेळी इटलीत लढले.

१० जुलै १९४४. यशवंतच्या कंपनीने एका ठाण्यावर हल्ला चढवला. यशवंत होता सेक्शन कमांडर, म्हणजे हाताखाली मोजकी माणसं. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि काही क्षणांत सेक्शनमधले सगळे जण मेले किंवा जखमी झाले. उभा राहिला फक्त यशवंत.

तो एकटाच त्या मशीनगनवर धावून गेला. आधी हातबॉम्ब टाकला, त्यात मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही संपले. मग टॉमी गनने आणखी एकाला टिपलं. गोळ्या संपल्या आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. तेव्हा त्याने बंदूक नळीकडून धरली आणि तिच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना ठार केलं. ठाणं त्याने एकट्याने घेतलं. तेवढ्यात लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्याच्या छातीत आणि पाठीत घुसल्या, आणि जिंकलेल्या त्याच ठाण्यावर तो गेला.

पदक घरी आलं, यशवंत आला नाही. त्याची ओळखीची कबरही नाही. इटलीत कॅसिनो इथे जे स्मारक आहे, तिथल्या हजारो नावांमध्ये त्याचं नाव कोरलेलं आहे. आणि २०२३ च्या जुलैमध्ये मोंतोने नावाच्या छोट्या गावाने त्याच्या नावाचं स्मारक उभारलं, तेही सूर्यघड्याळाच्या रूपात. त्यावरच्या लॅटिन ओळीचा अर्थ असा, की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो.

आता तुमच्यातला कुणीतरी विचारेल, ‘पण हे युद्ध आपलं होतं का?’ रास्त प्रश्न आहे. १९४२ मध्ये गांधीजी ‘चले जाव’ म्हणत होते आणि इकडे युद्ध संपेपर्यंत २५ लाखांवर भारतीय त्याच सरकारच्या फौजेत गेले. मला वाटतं, युद्ध कुणाचं होतं यावर आपण खुशाल वाद घालावा. पण गेलेला माणूस आपलाच होता. त्याच्याबद्दल वाद नको.

आणि इथेच मला खरी गोष्ट सांगायची आहे. यशवंतला आपण ओळखतो ते पदकामुळे. त्याच्या आधीच्या पिढीचं काय?

पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी कुत-अल-अमारा इथे तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या. अन्न संपलं, घोडे-खेचरं कापून खायची वेळ आली आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. त्यानंतरच्या कैदेतही कितीतरी जण मेले. या पलटणींमध्ये कोकणी मराठ्यांची भरती होती.

इराकमध्ये बसरा इथे त्या युद्धाचं मोठं स्मारक आहे, ४० हजारांहून जास्त मृतांचं. गोऱ्या सैनिकांची नावं आहेत, अगदी साध्या शिपायाचंही. भारतीय अधिकाऱ्यांची नावं आहेत. पण भारतीय शिपाई? पलटणीचं नाव आणि पुढे फक्त आकडा. अमुक पलटण, इतके शिपाई. बस्स! आईने ठेवलेलं नाव दगडावर आलंच नाही. ही स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने २०२१ मध्ये आपल्या अहवालात हा भेदभाव मान्य केला आणि माफीही मागितली.

दुसऱ्या युद्धापर्यंत निदान एवढं बदललं, की यशवंतसारख्या नाईकाचं नाव कोरलं गेलं. एका पिढीचा आकडा झाला, दुसरीला नाव मिळालं.

म्हणून आज तुम्हाला एक काम देतो. मोबाइल हातात आहेच. या कमिशनच्या वेबसाइटवर मृत सैनिकांची यादी शोधता येते. जास्तीच्या माहितीच्या रकान्यात रत्नागिरी टाका, मग तुमचा तालुका, मग गाव. स्पेलिंग इंग्रजांच्या कानाने लिहिलेलं आहे, तेव्हा दोन-तीन प्रकारे लिहून बघा. सिंधुदुर्गवाल्यांनीही रत्नागिरीच टाका, कारण १९८१ पर्यंत जिल्हा एकच होता.

नाव सापडलं, की वाडीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे जा आणि विचारा, ‘आजी, हे घर कुठलं?’ घर सापडलं तर त्या घरच्यांना नाव वाचून दाखवा. कदाचित त्यांना फक्त एवढंच माहीत असेल, की आजोबांचा एक भाऊ पलटणीत गेला आणि परत आला नाही.

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!