व्हिट्रूव्हियसची त्रिसूत्री आणि एफेससचा कायदा

वास्तुकलेच्या कोणत्याही प्राथमिक पाठात एक त्रिसूत्री हमखास भेटते : दृढता, उपयुक्तता आणि सौंदर्य. इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात व्हिट्रूव्हियस या रोमन वास्तुविशारदाने सम्राट ऑगस्टसला अर्पण केलेल्या ‘दे आर्किटेक्चुरा’ या दहा भागांच्या ग्रंथातून ती आली. मूळ ग्रंथात तिला मिळालेली जागा मात्र जेमतेम काही ओळींची आहे. शिवाय ती इमारत कशी असावी एवढेच सांगते. इमारत बांधणाऱ्याने कसे वागावे, हे सांगत नाही. त्यासाठी ग्रंथातील सहसा वगळली जाणारी पाने वाचावी लागतात.

व्हिट्रूव्हियस हा काही मोठा यशस्वी वास्तुकार नव्हता. सैन्यात दगडफेकी यंत्रांची निर्मिती आणि दुरुस्ती करण्यात त्याची उमेद गेली. स्वतःची म्हणून तो एकाच इमारतीचे वर्णन करतो, ती फानो येथील बॅसिलिका. इतर वास्तुकार कामासाठी दारोदार फिरतात, आपल्या गुरूंनी मात्र विचारणा झाल्यावरच काम घ्यावे असे शिकवले, असे तो लिहितो. या वाक्यातील अभिमान खरा आहे. थोडी खंतही असावी.

पहिल्याच भागात तो वास्तुकाराला आवश्यक अशा विद्यांची लांबलचक यादी देतो : भूमिती, इतिहास, तत्त्वज्ञान, संगीत, वैद्यक, कायदा, ज्योतिष. ही यादी पांडित्यप्रदर्शन वाटते खरी, पण तिची कारणे पाहावीत. कायदा कशासाठी? तर सामाईक भिंत, छपराच्या पागोळ्या, सांडपाणी आणि उजेड यांवरून शेजाऱ्यांत होणारे तंटे बांधकामापूर्वीच टळावेत, घर पुरे झाल्यावर मालकाच्या गळ्यात पडू नयेत, म्हणून. वैद्यक कशासाठी? तर जागेची हवा आणि पाणी पारखता यावे म्हणून. मिटिलिनी हे नगर देखणे बांधले, पण जागा अविचाराने निवडली. दक्षिणवारा सुटला की लोक आजारी पडतात, वायव्येचा सुटला की खोकतात, आणि उत्तरेचा सुटला की बरे होतात, पण थंडीमुळे गल्लीबोळांत उभे राहवत नाही, असे तो काहीशा मिस्किलपणे सांगतो. शिशाच्या नळांतील पाणी अपायकारक, हे तो शिसे ओतणाऱ्या कारागिरांच्या निस्तेज अंगकांतीवरून ताडतो. कुडाच्या भिंतींचा तर शोधच लागला नसता तर बरे झाले असते, असे त्याचे मत. कारण आग लागली की त्या मशालीसारख्या पेटतात.

पंधराव्या शतकात या ग्रंथाचा नव्याने अभ्यास सुरू झाला, तेव्हा युरोपने त्यातून प्रामुख्याने स्तंभांची प्रमाणे घेतली. १४९० च्या सुमारास लिओनार्दोने वर्तुळात आणि चौकोनात बसवलेला मनुष्य चितारला आणि व्हिट्रूव्हियसचे नाव त्या चित्राला कायमचे चिकटले. पागोळ्यांचे चित्र कोणी काढले नाही.

सर्वांत महत्त्वाची पाने येतात ती दहाव्या भागाच्या प्रस्तावनेत. एफेसस या ग्रीक नगरात, तो सांगतो, एक जुना कायदा होता. सार्वजनिक काम स्वीकारताना वास्तुकाराने खर्चाचा अंदाज द्यायचा आणि काम पुरे होईपर्यंत त्याची मालमत्ता दंडाधिकाऱ्याकडे तारण राहायची. खर्च अंदाजाइतकाच झाला तर त्याचा जाहीर सन्मान होई. एक चतुर्थांशापर्यंत वाढला तर वाढीव रक्कम सरकारी खजिना सोशी. त्याहून अधिक झाला तर ती वास्तुकाराच्या मालमत्तेतून वसूल होई. ‘सुधारित अंदाजपत्रक’ हा शब्दप्रयोग जिथे अंगवळणी पडला आहे, त्या आपल्यासारख्या समाजातील वाचकाने इथे क्षणभर थांबावे. कायदा कठोर आहे, पण अन्यायाचा नाही, असे व्हिट्रूव्हियस म्हणतो, आणि तो केवळ सार्वजनिक नव्हे, तर खासगी बांधकामांनाही रोममध्ये लागू व्हावा अशी इच्छा व्यक्त करतो. तसे झाले तर अडाणी माणसे बिनदिक्कत हा व्यवसाय करणार नाहीत, आणि घरमालक खर्चात बुडून देशोधडीला लागणार नाहीत.

यंत्रांविषयीच्या भागाला ही प्रस्तावना का, असा प्रश्न पडतो. उत्तर तो स्वतःच देतो. खेळ आणि नाट्यप्रयोग भरवणाऱ्या अधिकाऱ्यांना आसने, छते आणि यंत्रे ठरल्या दिवशी तयारच लागतात. तिथे मुदतवाढ नसते.