कन्कशननंतर मुलांचे खेळात पुनरागमन

कन्कशननंतर मुलांचे खेळात पुनरागमन म्हणजे डोक्याला हादरा बसून मेंदूच्या कार्यात तात्पुरता बिघाड झालेल्या बाल किंवा किशोरवयीन खेळाडूने मैदानात पुन्हा केव्हा उतरावे आणि मुळात उतरावे की नाही, हे ठरवण्याची प्रक्रिया होय. यांपैकी पहिला प्रश्न मुख्यतः वैद्यकीय आहे. दुसऱ्याचे उत्तर मूल, पालक आणि डॉक्टर यांना मिळून शोधावे लागते.

स्वरूप व लक्षणे

कन्कशन ही मेंदूला होणारी सौम्य प्रकारची इजा आहे. डोक्यावर थेट मार बसल्याने, तसेच मानेला किंवा धडाला बसलेल्या जोरदार धक्क्यानेही ती होऊ शकते. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, गोंधळ, विस्मरण, चिडचिड, प्रकाश वा आवाज सहन न होणे आणि झोपेतील बदल ही तिची प्रमुख लक्षणे आहेत. बहुतेक वेळा शुद्ध हरपत नाही, आणि काही लक्षणे कित्येक तासांनी प्रकट होतात. वारंवार उलट्या, आकडी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी किंवा हातापायांतील अशक्तपणा आढळल्यास तत्काळ रुग्णालयात नेणे आवश्यक असते.

सीटी स्कॅन व एमआरआय तपासणीत कन्कशन सहसा दिसत नाही. रक्तस्राव किंवा कवटीचा अस्थिभंग नाही ना, हे पाहण्यासाठी त्या केल्या जातात. हेल्मेटमुळे कवटीचे रक्षण होते, परंतु कन्कशन पूर्णपणे टळत नाही. निदान व पुढील निर्णय बऱ्याच अंशी मूल स्वतः काय सांगते यावर अवलंबून असतात. संघातील जागा जाईल या भीतीने अनेक मुले लक्षणे लपवतात.

पुनरागमनाचे टप्पे

कन्कशनची शंका आली तरी खेळाडूला लगेच बाहेर काढावे आणि त्या दिवशी पुन्हा खेळवू नये, हा सर्वमान्य नियम आहे. मेंदू सावरण्यापूर्वी दुसरा आघात झाल्यास लक्षणे लांबतात. क्वचित मेंदूला वेगाने सूज येऊन मृत्यूही ओढवतो.

पूर्वी लक्षणे जाईपर्यंत अंधाऱ्या खोलीत संपूर्ण विश्रांतीचा सल्ला दिला जाई. 2022 साली ॲम्स्टरडॅम येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या निवेदनानुसार पहिले 24 ते 48 तास सापेक्ष विश्रांती आणि त्यानंतर हळूहळू हालचाल हितकर ठरते. पुनरागमनाचे सहा टप्पे असे आहेत: दैनंदिन हालचाली, चालणे वा सायकलिंगसारखा व्यायाम, खेळाशी संबंधित वैयक्तिक सराव, शरीरसंपर्काविना सामूहिक सराव, संपूर्ण सराव आणि प्रत्यक्ष सामना. प्रत्येक टप्प्याला साधारणतः किमान एक दिवस दिला जातो. चौथा टप्पा लक्षणे पूर्ण गेल्यावरच सुरू करतात. शाळेतील अभ्यास पूर्ववत होणे हे सामन्यात परतण्याआधीचे पाऊल मानले जाते. बहुतेक मुले चार आठवड्यांत बरी होतात.

खेळ सुरू ठेवण्याचा निर्णय

किती कन्कशननंतर खेळ सोडावा, याचा सर्वांना लागू पडेल असा आकडा नाही. संख्येबरोबरच दोन इजांमधील अंतर कमी होत आहे का, बरे होण्यास दर वेळी अधिक काळ लागतो का आणि हलक्या धक्क्यानेही लक्षणे उद्भवतात का, हे पाहिले जाते. अर्धशिशी, नैराश्य वा अवधानाच्या समस्या असल्यास त्यांचाही विचार होतो. डोक्याला वर्षानुवर्षे बसणारे आघात आणि मेंदूचा एक ऱ्हासजन्य विकार यांचा संबंध आढळला आहे. तथापि एका कन्कशनवरून एखाद्या मुलाचे भविष्य वर्तवता येत नाही.

दुसऱ्या बाजूला व्यायाम, मैत्री आणि आत्मविश्वास हे खेळाचे लाभ असतात. खेळ सोडणे हेही मुलासाठी नुकसान असू शकते. त्यामुळे निर्णय केवळ ‘खेळणे’ किंवा ‘सोडणे’ असा नसतो. खेळातील जागा बदलणे, एखादा हंगाम थांबणे किंवा शरीरसंपर्क नसलेला खेळ निवडणे हेही पर्याय असतात. मुलाचे मत सामन्याच्या तोंडावर न विचारता शांत वेळी, प्रशिक्षकाच्या अनुपस्थितीत विचारल्यास ते मोकळेपणाने व्यक्त होण्याची शक्यता अधिक असते.

कायदे

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात 2006 मध्ये झॅकरी लायस्टेट हा 13 वर्षांचा फुटबॉलपटू डोक्याला मार लागल्यानंतर त्याच सामन्यात परतला आणि पुढे त्याच्या मेंदूला गंभीर इजा झाली. 2009 मध्ये तेथे त्याच्या नावाने कायदा झाला. पालकांना माहिती देणे, शंका येताच खेळाडूला बाहेर काढणे आणि परतण्यापूर्वी वैद्यकीय लेखी परवानगी घेणे, ही त्याची तीन सूत्रे होत. 2014 पर्यंत अमेरिकेच्या सर्व 50 राज्यांत या विषयावर कायदे झाले.

कॅनडातील ओटावा येथील 17 वर्षांची रग्बीपटू रोवन स्ट्रिंगर हिचा 2013 मध्ये मृत्यू झाला. आधीच्या काही दिवसांतही तिच्या डोक्याला मार लागला होता. तिने कन्कशनविषयी इंटरनेटवर माहिती शोधली होती व मैत्रिणींना संदेशही पाठवले होते, परंतु धोक्याचे गांभीर्य वेळीच ओळखले गेले नाही. 2018 मध्ये ऑन्टॅरिओ प्रांताने ‘रोवनचा कायदा’ संमत केला.

क्रिकेटमध्ये

आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने ऑगस्ट 2019 पासून कन्कशन झालेल्या खेळाडूऐवजी बदली खेळाडू उतरवण्यास परवानगी दिली. डिसेंबर 2020 मध्ये कॅनबेरा येथील टी-20 सामन्यात हेल्मेटवर चेंडू लागलेल्या रवींद्र जडेजाऐवजी युझवेंद्र चहल खेळला. अशा बदलामुळे खेळाडूने बाहेर बसल्यास संघाचे नुकसान होत नाही, आणि लक्षणे लपवण्याचे एक कारण कमी होते.