आद्य ख्रिस्तसभेंतील गुरु व शिष्य

किनवटच्या परिसरांत गुरु ह्या शब्दाचा अर्थ कोणास समजावून द्यावा लागत नाहीं. जवळच माहूर हें दत्तसंप्रदायाचें पुरातन क्षेत्र आहे. जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणीं, नांदेड येथें, शिखांचे दहावे गुरु गोविंदसिंग १७०८ सालीं दिवंगत झाले. आणि शीख हा शब्दच मुळीं शिष्य ह्या शब्दापासून निघालेला आहे. पलीकडे औंढा नागनाथ येथें नामदेवांस विसोबा खेचर हे गुरु लाभले, अशी परंपरा आहे. तत्पूर्वीं संतमंडळींत गोरोबाकाकांनीं एकेकाच्या मस्तकावर थापटी मारून परीक्षा घेतली आणि नामदेव हें मडकें अद्याप कच्चें आहे असा निर्वाळा दिला, ही कथा मराठवाड्यांत लहान पोरासहि ठाऊक असते. अशा भूमीवर वाढलेल्या ख्रिस्ती वाचकांस, आपल्या आद्य ख्रिस्तसभेंत गुरुशिष्यांचें नातें कशा प्रकारचें होतें, हें जाणण्याची इच्छा व्हावी हें साहजिक आहे. ह्या ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं त्या विषयाचा थोडक्यांत विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आद्य ख्रिस्तसभेंतहि एक कच्चें मडकें होतें. त्याचें नांव योहान, ज्यास मार्क असेंहि म्हणत. त्याची आई मरिया हिचें यरुशलेमांत घर होतें व तेथें श्रद्धावंत प्रार्थनेस जमत. बंदिवासांतून सुटलेला संत पेत्र रात्रीं ज्या दारावर येऊन ठोठावूं लागला, तें दार ह्याच घराचें. इ. स. ४६ च्या सुमारास संत पौल व संत बर्णबा हे धर्मप्रसारार्थ निघाले, तेव्हां त्यांनीं ह्या तरुणास साह्यास घेतलें. कुप्र बेटाचा प्रवास झाला. परंतु पंफुल्या प्रांतांतील पिर्गा येथें पोंचतांच मार्क त्यांस सोडून यरुशलेमास परत गेला. कारण काय झालें, हें प्रेषितांच्या कृत्यांत सांगितलेलें नाहीं.

कांहीं काळानें दोघे पुन्हां प्रवासास निघाले. बर्णबा म्हणाला, मार्कास बरोबर घेऊं. पौल म्हणाला, ज्यानें वाटेंत साथ सोडली त्यास घेणें नको. वाद इतका विकोपास गेला कीं, हे दोन जिवलग सहकारी विभक्त झाले. पौल सीलास घेऊन सुरियाकडे गेला. बर्णबा मार्कास घेऊन कुप्र बेटास गेला. दोन संतांतील हा कलह लेखकानें झांकून ठेविला नाहीं, हें विशेष ध्यानांत घेण्याजोगें आहे.

येथें पौलाचा पक्ष अगदींच चुकीचा होता असें आम्ही म्हणत नाहीं. पुढें दगड, फटके आणि तुरुंग होते. अशा मार्गावर डळमळीत सोबती घेणें धोक्याचें होतें. परंतु बर्णबाची दृष्टि निराळी होती, व ती त्याच्या स्वभावांतूनच आलेली होती. त्याचें मूळ नांव योसेफ. धीर देणारा ह्या अर्थाचें बर्णबा हें नांव प्रेषितांनीं त्यास दिलें होतें. ख्रिस्ती जनांचा छळ करणारा शौल पश्चात्ताप पावून यरुशलेमास आला, तेव्हां सर्व शिष्य त्यास भ्याले. त्याचा हात धरून त्यास प्रेषितांकडे नेणारा बर्णबाच होता. पुढें तार्सास जाऊन त्यानेंच त्यास शोधून अंत्युखियास आणिलें, आणि दोघांनीं मिळून वर्षभर तेथील मंडळीस शिकविलें. म्हणजे ज्या हातानें एकदां पौलास उभें केलें, त्याच हातानें पुढें मार्कास सांवरलें.

परिणाम काय झाला? कित्येक वर्षांनंतर पौल बंदिवासांत असतां त्यानें कलस्सै येथील मंडळीस लिहिलेल्या पत्रांत मार्क त्याच्याजवळ असल्याचा उल्लेख आहे, आणि तो आल्यास त्याचें स्वागत करावें अशी सूचनाहि आहे. तीमथ्यास लिहिलेल्या दुसऱ्या पत्रांत तर, मार्कास घेऊन ये, तो सेवेस उपयोगी आहे, अशा आशयाचा निरोप आहे. संत पेत्राच्या पत्रांत त्यास पुत्र म्हटलेलें आहे. दुसऱ्या शतकाच्या आरंभीं पापियास नामक धर्माध्यक्षानें नमूद केलें आहे कीं, मार्क हा पेत्राचा दुभाष्या होता व पेत्राच्या तोंडून ऐकलेलें त्यानें लिहून ठेविलें. बहुतेक विद्वानांच्या मतें त्याच्या नांवाचें शुभवर्तमान चारींमध्यें सर्वांत जुनें आहे. मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी व बंजारा बोली जेथें एकाच बाजारांत कानीं पडतात, त्या किनवटांत दुभाष्याचें मोल निराळें सांगावयास नको.

नामदेव गुरूच्या शोधार्थ गेले. मार्काच्या बाबतींत गुरूनेंच शिष्याची बाजू धरली. गुरुशिष्यांच्या नात्यास आद्य ख्रिस्तसभेनें दिलेली ही जोड होय. दुसरी गोष्ट अशी कीं, गुरूनें शिष्यास आपल्यापाशीं बांधून ठेवावयाचें नाहीं. करिंथ येथें कोणी पौलाचा, कोणी अपुल्लोचा म्हणवूं लागले, तेव्हां पौलानेंच त्यांचा कडक शब्दांत निषेध केला. तीमथ्यास त्यानें जें सांगितलें त्यांत चार पिढ्यांची सांखळी दिसते: पौलानें तीमथ्यास, तीमथ्यानें विश्वासू माणसांस, व त्यांनीं आणखी इतरांस शिकवावें.

ही सांखळी पुढें कशी चालली, ह्याचें उत्तम उदाहरण स्मुर्णा येथील संत पोलिकार्प व त्याचा शिष्य संत इरेनेउस हें होय. पोलिकार्प हा दुसऱ्या शतकाच्या मध्यास रक्तसाक्षी झाला. इरेनेउस पुढें गॉल देशांत लियों येथें धर्माध्यक्ष झाला, आणि २०२२ सालीं परमगुरुस्वामी फ्रान्सिस ह्यांनीं त्यास ख्रिस्तसभेचा आचार्य म्हणून घोषित केलें. वार्धक्यांत त्यानें फ्लोरिनुस नामक बाळपणच्या परिचितास पत्र लिहिलें. फ्लोरिनुसहि एके काळीं पोलिकार्पापाशीं बसलेला; परंतु तो मार्गभ्रष्ट झाला होता. इरेनेउसानें त्यास गुरूची बसण्याची जागा, त्याचें येणेंजाणें, आणि संत योहानाच्या सहवासाविषयीं तो सांगत असलेल्या आठवणी ह्यांचें स्मरण करून दिलें. एकाच गुरूच्या पायाशीं बसलेल्या दोघांपैकीं एक टिकला, एक ढळला. आणि टिकलेल्यानें ढळलेल्यास टाकून दिलें नाहीं.

हिंदुस्थानाशींहि ह्या परंपरेचा एक धागा जुळतो. मार्कानें मिसर देशांत अलेक्सांद्रिया येथें ख्रिस्तसभा स्थापिली अशी परंपरा आहे. तेथील धर्मशाळेचा आचार्य पांतेनुस हा दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धांत हिंदुस्थानांत आला होता, असें इतिहासकार युसेबिउस लिहितो. ज्यास हिंदुस्थान म्हटलें तो प्रदेश नेमका कोणता, ह्याविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. पांतेनुसाचा शिष्य क्लेमेंत हा पुढें त्याच शाळेचा आचार्य झाला. पिर्गा येथून परत फिरलेल्या त्या तरुणास सर्वांनींच टाकून दिलें असतें, तर ह्या परंपरेंत त्याचें नांव कोठें असतें?

वाचकहो, ज्युबिलीच्या वेळीं आपण बांधलेल्या भिंती व झालेले स्नानसंस्कार मोजतों, आणि तें योग्यच आहे. परंतु आणखी एक मोजदाद करावयास हवी. शाळा अर्धवट सोडलेला, कामधंद्यासाठीं दूर जाऊन मंदिराची वाट विसरलेला, धर्मशिक्षणाच्या वर्गांतून एकदां उठून गेलेला असा एखादा मार्क आपल्या वस्तींत, आपल्या तांड्यावर, आपल्या गुड्यांत आहे काय? त्याच्याविषयीं पौलासारखें बोलणारे पुष्कळ भेटतील, आणि त्यांचें बोलणें सकारणहि असेल. त्याच्या घरीं जाऊन त्याचा हात धरणारा बर्णबा मात्र आपल्यांतूनच निघाला पाहिजे. मडकें कच्चें आहे हें थापटी मारतांच कळतें. तें भाजून पक्कें करण्यास आवा पेटवावा लागतो, आणि आंच लागेपर्यंत त्यापाशीं बसावें लागतें.