पदक खरे, पण कोणाचे?

शाळेत आपण इतिहासाची साधने शिकलो : भौतिक, लिखित आणि मौखिक. हमखास गुण देणारा तो प्रश्न सोव्हिएत लष्करी पदकांची पारख करताना जसाच्या तसा उपयोगी पडतो.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला. निवृत्तिवेतनात भागेना, तेव्हा अनेक वृद्ध सैनिकांनी आपली पदके विकली. मॉस्कोच्या अरबात रस्त्यावर पर्यटक ती विकत घेऊ लागले. रशियन कायद्याने ही विक्री गुन्हा आहे, तरी मागणी वाढली आणि तिच्या मागोमाग नकलाही आल्या.

आधी भौतिक साधन पाहू. ‘शौर्यासाठी’ हे पदक १९३८ मध्ये सुरू झाले. ते चांदीचे असून व्यास ३७ मिलिमीटर. खरे पदक टाकसाळीत ठशाने पाडलेले, म्हणून त्याच्या रेषा रेखीव असतात. स्वस्त नक्कल खऱ्या पदकाचा साचा काढून ओततात. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, त्यामुळे नक्कल किंचित लहान भरते. प्रयोगशाळेतले व्हर्नियर कॅलिपर इथे कामाला येते. भिंगाखाली बारीक छिद्रे आणि बोथट कडाही दिसतात. ‘लाल तारा’ या सन्मानचिन्हावरचा मिना भट्टीत भाजलेला, काचेसारखा असतो. नकलेत बहुधा नुसता रंग.

इतके जमले की पदक खरे ठरते. पण ते कोणाचे, हे धातू सांगत नाही. त्यासाठी लिखित साधन हवे. ‘लाल तारा’च्या मागे क्रमांक असतो आणि तोच क्रमांक सैनिकाच्या सन्मान-पुस्तिकेत नोंदलेला असतो. पदोल्स्क येथील लष्करी अभिलेखागारात शिफारसपत्रे जपलेली आहेत. त्यांत त्या माणसाने नेमके काय केले ते लिहिलेले असते. २०१० पासून त्यांतली पुष्कळ कागदपत्रे इंटरनेटवर खुली झाली आहेत. म्हणूनच लबाड विक्रेता जुना क्रमांक खरवडून एखाद्या नामवंताचा क्रमांक कोरतो. तेव्हा आकड्यांभोवतीचा धातू आधी तपासावा.

उरते मौखिक साधन, म्हणजे विक्रेत्याची गोष्ट. ‘हे बर्लिन जिंकणाऱ्याचे’ असे सांगून ‘देशभक्तिपर युद्ध’ हे सन्मानचिन्ह दाखवले जाते. ते १९४२ मध्ये सुरू झाले. पण विजयाच्या चाळिसाव्या वर्षी, १९८५ मध्ये, हयात असलेल्या माजी सैनिकांना ते मोठ्या संख्येने पुन्हा देण्यात आले. युद्धकाळातल्या प्रथम श्रेणीत सोने वापरलेले होते. १९८५ चे चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेले. म्हणजे पदक अस्सल, पण रणांगणावरच्या पराक्रमाची गोष्ट खोटी!

सर्वांत हुरहूर लावते ते ‘जर्मनीवरील विजय’ हे पितळी पदक. सुमारे दीड कोटी लोकांना ते मिळाले. त्यावर क्रमांक नाही. मालकाचे नाव फक्त सोबतच्या प्रमाणपत्रावर. तो कागद हरवला की पदक उरते, माणूस हरवतो. नकली पदकाने ग्राहकाचे पैसे बुडतात. खोट्या क्रमांकाने किंवा हरवलेल्या कागदाने एका सैनिकाचे नाव पुसले जाते.

मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी कोणाच्या घरी सैन्यातल्या आजोबांचे पदक असेल, तर त्यांचा कागद आणि त्यांची हकीकत लिहून त्याच डबीत ठेवा. तिन्ही साधने एकत्र असली, तरच पुढच्या पिढीला ते पदक कोणाचे हे कळेल.