दोष टर्बोचा की गाडीचा? : डिझेल पिकअपच्या एका सुट्या भागाचा इतिहास

यंत्रांच्या इतिहासावरच्या या मालेत आज आपण एका सुट्या भागाकडे वळतोय. डिझेल पिकअपचा टर्बोचार्जर गेला, तर नवा कसा निवडायचा आणि कसा बसवायचा, हा विषय. हे तर गॅरेजचं काम, इतिहासाच्या व्याख्यानात कशाला, असं कुणी म्हणेल. आमचं म्हणणं असं आहे की, या कामातल्या बहुतेक चुका इतिहासात एकदा होऊन गेल्यात. आणि त्या इतिहासातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते: टर्बो सहसा आपल्या मरणानं मरत नाही. त्याला तेल, हवा किंवा उष्णता मारते. ते कारण शोधल्याशिवाय नवा टर्बो बसवला, तर तोही त्याच वाटेनं जातो.

आपल्याकडे पिकअप म्हटलं की भाजीची नाहीतर दुधाच्या कॅनची गाडी डोळ्यांसमोर येते. आज आपण बोलणार आहोत ते अमेरिकेतल्या मोठ्या पिकअपबद्दल. शेतकरी, बांधकामाचे ठेकेदार, घोडे पाळणारे लोक तिच्यामागे काही टनांचा ट्रेलर जोडतात. गाडी उभी राहिली की त्यांचा धंदा उभा राहतो. म्हणून हा प्रश्न तिथं हौसेचा नाही, पोटाचा आहे.

आता सुरुवातीकडे जाऊ. स्वित्झर्लंडच्या विंटरटूर गावचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी 1905 साली एक पेटंट घेतलं. कल्पना साधी होती. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर पुष्कळ ऊर्जा वाया घालवतो. त्या धुरावर एक चाक फिरवायचं, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक लावायचं आणि त्यानं बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची. हवा जास्त म्हणजे इंधन जास्त जाळता येतं, आणि तेवढ्याच इंजिनातून ताकद जास्त मिळते. कल्पना बरोबर होती, पण ती व्यवहारात उतरायला वीस वर्षं लागली. 1920 च्या दशकात ‘प्रॉयसेन’ आणि ‘हान्झेश्टाट डान्झिग’ या दोन जर्मन जहाजांवर टर्बो बसले, तेव्हा इंजिनांची ताकद 1750 अश्वशक्तीवरून 2500 वर गेली.

दरम्यान अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकचे सॅनफर्ड मॉस यांना वेगळाच प्रश्न पडला होता. उंचावर हवा विरळ होते, विमानाचं इंजिन धापा टाकतं. 1918 साली त्यांनी लिबर्टी इंजिन कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या 14,000 फुटांहून उंच शिखरावर नेलं. समुद्रसपाटीला 350 अश्वशक्ती देणारं इंजिन वर टर्बोविना 230 वर आलं, आणि टर्बो लावल्यावर 356 वर गेलं. आज त्याच कोलोरॅडोत आंतरराज्य महामार्ग 70 वरून ट्रेलर ओढणारी पिकअप 11,000 फुटांहून उंच असलेल्या आयझेनहॉवर बोगद्यातून जाते. तिथं टर्बो काय करतो, ते मॉस यांनी शंभर वर्षांपूर्वीच मोजून दाखवलं होतं.

आता 1952 सालात या. इंडियानापोलिसची 500 मैलांची शर्यत. कमिन्स कंपनीची टर्बो लावलेली डिझेल गाडी, चालक फ्रेड आगाबाशियन. पात्रता फेरीत ताशी 138 मैलांचा वेग काढून त्यांनी पहिली जागा मिळवली. पेट्रोल आणि मिथेनॉलवाले बघत राहिले. पण शर्यतीत 71 व्या फेरीला गाडी बाहेर. कारण काय? टर्बोचं हवा घेणारं तोंड गाडीच्या पुढच्या बाजूला, जमिनीलगत होतं. टायरांच्या रबराचे कण आत ओढले गेले आणि तोंड बुजलं. टर्बो चांगला होता, हवेची वाट चुकीची होती. आज टर्बो बदलणाऱ्या प्रत्येकानं हे लक्षात ठेवावं. हवेच्या फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा पाइप फाटका असेल, क्लिप ढिली असेल, तर नव्या चाकाची पाती त्या धुळीनं घासली जाणारच.

त्याच 1952 साली इंग्लंडमध्ये हडर्सफील्डला होलसेट ही कंपनी निघाली. होम्स आणि क्रोसेट या दोन संस्थापकांच्या नावांचे तुकडे जोडून हे नाव झालं. 1973 साली ती कमिन्सनं घेतली. आणि 1989 साली डॉज पिकअपमध्ये कमिन्सचं 5.9 लिटरचं सहा सिलिंडरी इंजिन होलसेट टर्बोसकट आलं. ताकद 160 अश्वशक्तीच, पण ओढ जबरदस्त. हे इंजिन मुळात ट्रक, ट्रॅक्टर अशा कष्टाच्या कामांसाठी घडवलेलं. आपल्यालाही ते अनोळखी नाही: याच बी-मालिकेची इंजिनं जमशेदपूरच्या टाटा कमिन्समध्ये तयार होऊन टाटाच्या ट्रकमध्ये बसली. आणि पुण्याच्या कोथरूडशी कमिन्सचं नातं तर 1962 पासूनचं, किर्लोस्करांबरोबरचं.

पुढे फोर्डचं 7.3 लिटरचं पॉवर स्ट्रोक 1994 साली आणि जनरल मोटर्सचं ड्युरामॅक्स 2001 साली आलं, दोन्ही टर्बोसकट. निवडीचा प्रश्न इथून सुरू होतो, कारण टर्बोच्या तीन पिढ्या झाल्या. पहिली, 1989 ची: साधा टर्बो, हलणारा भाग एकच, तो म्हणजे मधला दांडा. दुसरी, 1994 नंतरच्या डॉजमधली: वेस्टगेटवाला. दाब ठरावीक मर्यादेपुढे गेला की एक झडप उघडते आणि जादा धूर चाकाला वळसा घालून जातो. तिसरी, 2003 च्या फोर्डमध्ये आणि 2007 च्या 6.7 लिटर कमिन्समध्ये आलेली: धुराची वाट लहानमोठी करणारी, संगणकावर चालणारी. म्हणून ‘कमिन्सचा टर्बो द्या’ एवढं दुकानात सांगून भागत नाही. गाडीचं साल, इंजिनाचा क्रमांक आणि जुन्या टर्बोच्या पट्टीवरचा भाग क्रमांक, हे तिन्ही जुळवूनच घ्यायचं.

‘बदलायचाच आहे तर मोठाच बसवू’ असा मोह बऱ्याच जणांना होतो. मोठं चाक फिरायला वेळ लागतो. तोवर इंजिनाला हवा कमी, इंधन पुरेसं, मग काळा धूर आणि वाढलेली उष्णता. रिकाम्या गाडीला हे चालून जाईल, चढावर ट्रेलर ओढणाऱ्याला नाही. होलसेट आपल्या टर्बाइन घराचा आकार चौरस सेंटिमीटरमध्ये सांगतं, गॅरेट गुणोत्तरात सांगतं. आकडा लहान तर टर्बो लवकर जागा होतो, मोठा तर वरच्या वेगाला मोकळा श्वास घेतो. काम कुठलं, त्यावर आकडा ठरवायचा.

आता बसवण्याचं. टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेतो आणि बेअरिंगमध्ये तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. तो थर काही सेकंद जरी नसला, तरी नवा टर्बो गेला. म्हणून आधी तेल आणि तेलाचा फिल्टर बदला. तेल आणणारी नळी जळक्या तेलानं बुजली नाही ना, ते पाहा. तेल परत नेणारी नळी सरळ खाली उतरली पाहिजे, तिला मुरड नको, कारण परतीचं तेल नुसतं वजनानं उतरतं. तेलाच्या जोडाला सिलिकॉन लावू नका, नवं पॅकिंग वापरा. सिलिकॉनचा सुटलेला तुकडा थेट बेअरिंगची वाट अडवतो. टर्बोच्या तेलाच्या तोंडात स्वच्छ तेल ओता आणि चाक हातानं फिरवा. मग इंधन बंद ठेवून, तेलाचा दाब दिसेपर्यंत स्टार्टर मारा. त्यानंतर इंजिन चालू करून काही मिनिटं नुसतं सावकाश चालू द्या.

एक गोष्ट जिवावरची आहे. जुन्या टर्बोचं सील गेलं असेल तर इंटरकूलर तेलानं भरलेला असतो. तो साफ केला नाही, तर ते तेल हवेबरोबर इंजिनात जातं. डिझेल इंजिन ते इंधनासारखं जाळतं आणि किल्ली बंद केली तरी थांबत नाही, वेग वाढतच जातो. तेव्हा इंटरकूलर आणि त्याचे पाइप रिकामे करून धुऊनच जोडायचे. चाकाची पाती तुटली असतील, तर तिथले तुकडेही शोधून काढायचे.

तिसऱ्या पिढीतल्या कमिन्सच्या टर्बोत आणखी एक पायरी वाढली. त्याच्या विजेच्या मोटरची आणि आतल्या सरकत्या कड्याची जुळणी संगणकानं करून घ्यावी लागते. ती न करता गाडी बाहेर काढली, तर टर्बो कोरा करकरीत असूनही गाडी ओढत नाही. 2003 च्या फोर्डमध्ये काजळीनं आणि गंजानं पाती अडकायची. तिथं टर्बो काढून पाती साफ केली, तर पुष्कळदा बदलायची वेळच येत नसे.

तेव्हा मंडळी, निवडीपूर्वी जुना टर्बो टेबलावर ठेवून बघा. दांडा काळानिळा झालाय का? मग तेल कमी पडलं. हवेकडची पाती झिजलीत का? मग फिल्टर बघा. धुराकडची पाती तुटलीत का? मग इंजिनातून काहीतरी सुटून आलंय. ब्यूखींच्या कल्पनेतला दांडा आजही एकच आहे, आणि त्याच्या दोन टोकांवर सगळ्या गाडीची हकिकत लिहिलेली असते. ती वाचायची आणि मगच दुकानात जायचं.